पाहुण्याने कोणता भाव द्यावा?

सुटीवर निघालेला साधा संसारी माणूस घरातूनच हिशेब करून निघतो. गाडीभाडे ठरलेले असते, खोलीच्या भाड्यात फारशी घासाघीस होत नाही. उरते ते जेवण. त्यामुळे काटकसरीची सगळी हुशारी जेवणावर चालते. पिशवीत पोळ्या आणि चटणी, डब्यात खिमा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी, आणि पोहोचल्या पोहोचल्या पहिली चौकशी: इथे बाजार कुठे भरतो, आणि काय भाव चालू आहे? यात लाजण्यासारखे काहीच नाही. बिल न वाचता पैसे टाकणाऱ्यांनीच समुद्र पाहावा असे ठरवले, तर आपल्यातल्या बहुतेकांची मुले समुद्र फक्त चित्रात पाहतील. तेव्हा काटकसर करावी की नाही, हा माझा प्रश्न नाही. परक्याच्या गावात जाऊन जेवणावर आपण जे वाचवतो ते कोणाच्या पदरातून वाचवतो, हा आहे.

हा प्रश्न बेटावर जास्त स्पष्ट दिसतो. गावाला चारही दिशांनी रस्ते असतात. एका दुकानी महाग पडले तर पुढच्या नाक्यावर जाता येते. बेटावर नाका एकच, आणि तो होडीच्या धक्क्यावर. तिथे आलेली वस्तू कुठून आली, कोणी आणली, कोणाला कमी पडली, हे लपत नाही.

आम्हा मीरा-भाईंदरकरांना बेट शोधायला लांब जावे लागत नाही. भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनाबाहेर उत्तन-चौकच्या बसमध्ये बसले की राई, मुर्धे, मोर्वा अशी गावे ओलांडत माणूस बेटावर पोहोचतो, आणि आपण बेटावर आलो हे त्याला कळतही नाही. धारावी बेट हे त्याचे जुने नाव. मुंबईत धारावी म्हटले की लोकांना चामड्याचे कारखाने आणि झोपड्या आठवतात. ही धारावी वेगळी. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, आणि पुढे गोराई, मनोरी. दक्षिणेकडच्या लोकांना ती मनोरीची खाडी ओलांडून होडीने गाठावी लागते; आम्हाला भराव आणि मिठागरांमुळे जमिनीवरून जाता येते. गोराई-मनोरी कागदावर मुंबईत मोडतात आणि उत्तन आमच्यात. समुद्राला हा भेद माहीत नाही. वसईच्या मोहिमेत मराठ्यांना हे बेट का हवे होते, तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. वसईच्या खाडीचे तोंड इथून ताब्यात राहते आणि किल्ल्याला समुद्राकडून येणारी रसद अडवता येते. १७३९ साली वसई पडली, त्यात या बेटाचा वाटा होता. म्हणजे कोणाच्या ताटात काय पडेल, हा इथला फार जुना प्रश्न आहे.

आज इथे दर रविवारी आणि ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रसदीची फौज उलट दिशेने येते. मीरा रोडहून, नया नगरहून, भाईंदर पूर्वेहून कुटुंबेच्या कुटुंबे रिक्षा आणि टेम्पो करून किनाऱ्यावर उतरतात. बरोबर बिर्याणीचा टोप, पाण्याचे कॅन, थर्माकोलच्या ताटल्या, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या. दस्तरखान वाळूवर पसरतो. आमच्या लोकांना टोप बरोबर आणावाच लागतो, त्याचे पैशाखेरीज आणखी एक कारण आहे. या किनाऱ्यावरची खाद्यगृहे बहुधा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. त्यांच्या स्वयंपाकात डुकराचे मांस असते, टेबलावर दारू असते, आणि कोंबडी कशी कापली हे विचारणे म्हणजे यजमानाला संकोचात टाकणे. त्यापेक्षा घरचे बरे. ही अडचण खरी आहे आणि ती कोणाचा अपमान करत नाही.

पण त्या दिवसाचा जमाखर्च मांडून पाहा. बिर्याणीचा तांदूळ मीरा रोडच्या वाण्याकडचा, मटण नया नगरातले, पाणी नळाचे, कोल्ड्रिंक घाऊक दुकानातले. बेटावर खर्च झाला शून्य, किंवा फार तर मुलांच्या बर्फाच्या गोळ्याचा. आणि बेटाला मिळाले काय? ताटल्या, हाडे, बाटल्या, लहान मुलांची दुपटी. आमच्या शहराचा कचरा आधीच उत्तनच्या धावगी डोंगरावर जाऊन पडतो. तो पेटतो, धुमसतो, आणि गावकरी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध भांडत आले आहेत. सहलीला गेलेला माणूस आपली सहल स्वस्तात झाली म्हणून खूश असतो. ती स्वस्तात झालेली नसते. काही भाग त्याने भरलेला असतो, उरलेला सोमवारी सकाळी किनारा झाडणारी बाई भरते.

आता दुसरे चित्र. काही कुटुंबे शहाणी असतात, इथे येऊन मासळी घेतात. मासळीने आमची हलालची अडचणही सुटते. मासा कोणी कापला हे विचारावे लागत नाही, आणि कोळणीच्या नि आमच्या चुलीत भिंत राहत नाही. बोंबील, मांदेली, करंदी, कोळंबी, नशीब चांगले असेल तर एखादा पापलेट. पण इथे येताना डोक्यात एक गैरसमज पक्का असतो, की बेटावर मासळी स्वस्तच असणार. समुद्रातून काढली आणि विकली, मधे खर्च तो काय? खर्च पुष्कळ असतो. बोट काही दिवस बाहेर असते, डिझेल जळते, बर्फ भरावा लागतो, खलाशांचा पगार आणि शिधा असतो. मोठा पापलेट आणि घोळ किनाऱ्यावर राहतच नाही. व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेटीतून तो परस्पर पुढे जातो. वाट्याला उरतो तो लहान मासा, आणि त्यात बोंबील म्हणजे अंगात पाणीच पाणी. दुपारपर्यंत विकला नाही तर त्याचे काही खरे नाही. म्हणून तर इथे बांबूच्या आडव्या काठ्यांवर तोंडात तोंड अडकवून बोंबील वाळत घातलेले दिसतात. ते दृश्य पाहायला येणारे लोक फोटो काढतात आणि नाकाला रुमाल लावतात.

अशा वेळी पाटीपुढे बसलेली बाई आणि वर उभे राहिलेले शहरी गिऱ्हाईक यांच्यात जे चालते ते प्रत्येकाने ऐकलेले आहे. वाटा दोनशेचा.

"मावशी, शंभर लावा ना, रोजचेच आहोत."

"रोजचे कुठले बाय, रविवारचे तुम्ही. बर्फाचे पैसे कोन देल?"

दीडशेवर सौदा तुटतो, वर चार बोंबील जास्तीचे टाकून घेतले जातात, आणि गिऱ्हाईक विजयी मुद्रेने परत येते. या विजयाचे मला नेहमी नवल वाटते. हेच गिऱ्हाईक परतीच्या वाटेवर मॉलमध्ये पॉपकॉर्नचा डबा छापील भावाने घेते आणि तिथे कोणाला मावशी म्हणत नाही. घासाघीस आपण जिथे करता येते तिथे करतो. जिथे करायला हवी तिथे करत नाही. घासाघीस करता येते ती बहुधा त्याच माणसाशी, ज्याचा माल संध्याकाळपर्यंत नासणार असतो.

मग उत्तर सोपे वाटते: घासाघीस करू नये, मागतील ते द्यावे. अनेक सज्जन असे करतात आणि त्यांना बरेही वाटते. मला हे उत्तर पटत नाही. त्या पाटीपुढे फक्त आपणच उभे नसतो. मागे गावातली एक बाई थांबलेली असते, जिचा नवरा रिक्षा चालवतो किंवा जिचा मुलगा भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात जातो. तिलाही आज कालवण करायचे आहे. रविवारच्या पाहुण्याने दोनशे न बोलता मोजले की तिचा वाटाही दोनशेचा होतो. गोव्यात हे मोठ्या प्रमाणावर झाले आहे. हंगामात हॉटेलांनी चांगली मासळी उचलली की साध्या गोंयकाराची शीतकडी महागते, आणि या गोष्टीवर तिथे विधानसभेपर्यंत आरडाओरडा झाला आहे. पाहुण्याची उदारता यजमानाच्या शेजाऱ्याला महागात पडू शकते. शिवाय भाव करणे हा बाजारातला एक प्रकारचा संवादही आहे. कोळीण काही बिचारी नाही. तिला आपल्यापेक्षा दहापट हिशेब कळतो. तिच्याशी भाव न करता पैसे टाकणारा माणूस कधी कधी तिला भिकारीण समजत असतो, आणि ते तिला कळतेही.

म्हणजे कमी दिले तर विकणारी मरते, जास्त दिले तर विकत घेणारी शेजारीण. मधला मार्ग काय?

मला एक साधा नियम सुचतो: शेजाऱ्याचा भाव. त्या गावातली बाई त्या दिवशी त्या वाट्याला जे देते तेच द्यावे. ना पाहुण्याचा भाव, ना जिंकलेला भाव. हे कळायला अवघड नाही. पाटीपुढे पाच मिनिटे गप्प उभे राहिले, गावातल्या दोन बायकांचे सौदे ऐकले, की भाव कळतो. आपण मात्र गाडीतून उतरताक्षणी बोलायला लागतो. अडचण वेळेचीही आहे. गावातली बाई बोटी लागतात तेव्हा येते, आपण उठून, न्याहारी करून, अकरा वाजता. अकरा वाजताची मासळी ही निवडून उरलेली असते आणि तिच्यावर दोनदा बर्फ पडलेला असतो. तिला स्वस्त मागणे एक वेळ रास्त. पण ताजी आणि निवडक मागून वर स्वस्त मागणे रास्त नाही.

आमच्या धर्मपरंपरेत प्रवाशाला मोठे स्थान आहे. जकातीचे जे आठ हक्कदार कुरआनात सांगितले आहेत त्यांत वाटेत अडकलेला मुसाफिर आहे, मग तो आपल्या घरी धनवान का असेना. पाहुणचार तीन दिवसांचा, ही हदीस लहानपणापासून कानांवर आहे. मुसाफिराला रोज्यात सवलत आहे, चार रकातींच्या नमाजात दोनच पढण्याची सवलत आहे. सवलतींच्या या यादीत माप आणि भाव मात्र कुठेही नाहीत. उलट घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी मोजणाऱ्यांना तर एका संपूर्ण सूरतीच्या आरंभीच दटावले आहे. आणि तो अडकलेला मुसाफिर म्हणजे रविवारी मौज करायला निघालेले आपण नव्हे. वाळवंटात ज्याचे पाणी संपले त्याचा हक्क आपल्या पिकनिकला चिकटवणे हा जरा आगाऊपणाच आहे.

आता या नियमाची परीक्षा घ्यायला हवी, कारण काही बेटांवर तो मोडतो.

भाईंदरहून नायगावकडे लोकल निघाली की दोन पुलांच्या मधे डावी-उजवीकडे हिरवा तुकडा लागतो, ते पाणजू बेट. गाडी त्याच्या अंगावरून जाते, थांबत नाही. तिथल्या माणसाला मिठापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळे नायगावहून होडीने न्यावे लागते. दुकानातला भाव अधिक होडी, अधिक हमाली, अधिक खोळंबा, हा तिथला शेजाऱ्याचा भाव. अशा ठिकाणी हौसेने गेलेल्या पाहुण्याने 'इथे बिस्किट दोन रुपये महाग कसे' म्हणून वाद घातला तर त्याला हसावे की रडावे? छापील किमतीत खाडी धरलेली नसते.

लक्षद्वीपला हीच गोष्ट शेकडो किलोमीटरवर जाते. तिथे नारळ आहे, चुरा मासा आहे. तांदूळ, कांदा, भाजी मुख्य भूमीवरून जहाजाने येते. समुद्र खवळला की जहाज उशिरा येते आणि ताटातली भाजी नाहीशी होते. पाहुण्याने तिथे जाऊन फ्लॉवर-मटारची भाजी मागावी, हे पैसे दिले तरी शोभत नाही. ती जागा जहाजात दुसऱ्या कशाची तरी होती.

आणि आता आमच्या इमारतींमधून लोक मालदीवला जाऊ लागले आहेत. हप्त्यांवर का होईना, जातात. पूर्वी हे शक्य नव्हते. १९७२ साली तिथे पहिले रिसॉर्ट निघाले तेव्हापासून पर्यटकांना निर्मनुष्य बेटांवर ठेवायचे, आणि तिथले लोक आपापल्या बेटांवर, अशी जवळजवळ फाळणीच होती. २००९ नंतर लोकवस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी मिळाली, माफुशीसारखी बेटे नावारूपाला आली आणि मध्यमवर्गाला दार उघडले. तिथे दारू नाही, जेवण हलाल, शुक्रवारी बाजार बंद. आमच्या माणसाला घरच्यासारखे वाटते. जाऊन आलेले लोक काटकसरीच्या युक्त्या अभिमानाने सांगतात: हॉटेलात जेवू नका, रस्त्यावरच्या किराणा दुकानातून पीठ, अंडी, कांदे घ्या; सकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात रोशी आणि मासहुनी खा. रोशी म्हणजे आपली पातळ चपाती, मासहुनी म्हणजे चुरा मासा, खवलेले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू. शेजाऱ्याचेच अन्न, शेजाऱ्याचाच भाव. माझा नियम इथे पूर्ण पाळला जातो.

तरी हिशेब पुढे जातो. त्या बेटांवर गहू पिकत नाही, भात पिकत नाही. तांदूळ, पीठ आणि साखर या तीन जिनसा तिथले सरकार कित्येक वर्षे तिजोरीतून पैसे घालून स्वस्त ठेवत आले. मासेमार कुटुंबाला रोशी परवडावी, हा त्यामागचा हेतू. २०२२ च्या जनगणनेत तिथली वस्ती सव्वापाच लाखांच्या आत भरली. २०२४ साली पर्यटक आले वीस लाखांहून अधिक. म्हणजे त्या स्वस्त पिठाची रोशी आपण खाल्ली तर शेजाऱ्याच्या भावाबरोबर त्याचे अनुदानही आपण खाल्ले. विमानाचे तिकीट काढू शकणाऱ्या माणसाने मासेमाराच्या रेशनातली पोळी खाणे हे, कोणी फसवलेले नसूनही, बरोबर वाटत नाही.

कांद्याची गोष्ट तर आपल्या दारातून सुरू होते. भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ साली व्यापारी करार झाला. त्याखाली तांदूळ, पीठ, साखर, डाळ, अंडी, बटाटे, कांदे ठरावीक मर्यादेपर्यंत तिकडे जातात, इथे निर्यातबंदी असली तरी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिकचा शेतकरी रस्त्यावर उतरला, कारण त्याचा भाव पडला. बंदी मे २०२४ मध्ये उठली. ती चालू असतानाच एप्रिलमध्ये मालदीवसाठी वर्षाला पस्तीस हजार टनांहून अधिक कांद्याची मर्यादा जाहीर झाली. त्यात गैर काही नाही, शेजारधर्म आहे. पण माफुशीच्या दुकानात 'कांदा किती स्वस्त मिळाला' म्हणून खूश होणाऱ्या भाईंदरच्या पाहुण्याला हे ठाऊक असायला हरकत नाही, की त्याच महिन्यांत चांदवडचा एखादा शेतकरी कांदा कवडीमोलाने देत होता. स्वस्ताई हवेतून येत नाही. कोणी तरी ती आधी सोसलेली असते.

यावर एक आक्षेप मला समोर दिसतो, आणि तो हलका नाही. एवढा हिशेब करत बसले तर माणूस फिरायचा कधी? दहा महिने लोकलला लटकून चार दिवस काढले, आणि त्यातही गव्हाच्या पिठाचे अनुदान मोजायचे? आणि हा हिशेब गरिबानेच का करावा. ज्या रिसॉर्टात एका रात्रीला आमचा महिन्याचा पगार लागतो, तिथला पाहुणा विमानाने आणवलेले सफरचंद खातो, त्याला कोण विचारतो? आक्षेप खरा आहे. श्रीमंताच्या ताटातली नासाडी कितीतरी मोठी असते, आणि नीतीचे धडे नेहमी पोळी-कांदा खाणाऱ्यालाच दिले जातात. म्हणून मी कोणाला जाऊ नका म्हणत नाही, आणि टोप नेऊ नका असेही म्हणत नाही. घरचा टोप नेणे ही कित्येकदा सर्वांत निरुपद्रवी काटकसर असते: त्यात बेटाचा तांदूळ खाल्ला जात नाही, बेटाचे पाणी जात नाही. फक्त टोपाबरोबर आलेले सगळे टोपाबरोबर परत जायला हवे. मालदीवला नेलेले दोन किलो पीठ आणि पोहे यांचीही लोक थट्टा करतात. माझ्या लेखी ते पीठ नेणारी बाई त्या बेटावरची सर्वांत सभ्य पाहुणी आहे. तिने तिथला मासा आणि नारळ घ्यावा, तिथल्या माणसाकडून, त्याच्या भावाने. तो तिथे पिकतो. पीठ तिथे पिकत नाही, ते आपल्या बॅगेत जायला जागा आहे.

आणि काटकसर हवीच असेल तर बेटावरची माणसे स्वतः ती कशी करतात हे पाहण्यासारखे आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. तेव्हा उत्तनला जाऊन ताजी सुरमई मागणारे पाहुणे असतात. त्यांना ती मिळतेही, कुठल्या कुठून बर्फात आलेली, दुप्पट भावाने. गावात त्या दिवसांत सुके बोंबील, सुकट, जवळा असतो, वांग्यात किंवा कैरीत घातलेला. आपण काटकसर करतो ती पाटीपुढे, दोन मिनिटांत, दुसऱ्याच्या तोंडचे काढून. ते करतात ती उन्हात, चार महिने आधी. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत याला पावसाची बेगमी म्हणतात. खाडीकाठच्या घरांत माळ्यावर त्यासाठी वेगळे डबे असत.

मीरा रोडच्या इमारतींमध्ये माळे नाहीत, तरी ही पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. मेच्या मध्यावर आमच्या मजल्यावरच्या चार-पाच बायका एकत्र निघतात, पहाटेच्या बसने, रिकाम्या पिशव्या घेऊन. डोंगरीची एक बाई त्यांच्या ओळखीची झाली आहे, आधी फोन करून माल ठेवायला सांगतात. बोंबील मोडून बघतात, वास घेतात, ओलसर निघाला तर तोंडावर सांगतात. भाव तिचाच असतो. गेल्या वर्षी तो वाढला होता, तेव्हा एक किलो कमी घेतले. जाताना त्या तिच्यासाठी घरच्या कैरीचे लोणचे नेतात आणि ती त्यांना बॉटल मसाल्याची पुडी देते. साडेअकराच्या आत त्या परत आलेल्या असतात, आणि दिवसभर जिन्यात सुकटीचा वास राहतो म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक कुरकुर करतात.